सतरंजीवरचे मोबाईल

आमच्या गावाला अनोळखी माणसाची भीती वाटते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की अनोळखी माणूस हेच आमचं मुख्य पीक. भात दुसरं.

मळवली स्टेशनावर उतरून लेण्यांकडे चालायला लागलात की दोन्ही अंगांना पाट्या दिसतात. चुलीवरचं जेवण, गावरान कोंबडी, तंबूत राहण्याची सोय, बाथरूम वापरायला मिळेल. त्या पाट्यांच्या मागे कुठेतरी आमचं गाव असतं. शनिवारी पुण्या-मुंबईची इतकी माणसं वर चढतात की विसापूरचा किल्ला वजनानं हातभर खाली गेलाय, असं मी गिऱ्हाइकांना सांगते, आणि त्यातले निम्मे खाली वाकून बघतात. या माणसांचं नाव आम्हाला ठाऊक नसतं, गाव ठाऊक नसतं. तरी आम्ही त्यांना ओसरीवर झोपवतो, अंघोळीला पाणी तापवून देतो, आणि आमच्या पोरी त्यांना ताट वाढतात. धबधब्यात भिजून आणि पिऊन आलेला एखादा बाप्या "अजून एक भाकरी" म्हणतो तेव्हा त्याचे डोळे भाकरीवर नसतात. ते सगळ्या गावाला दिसतं. पोरीच्या बापालाही दिसतं. तो म्हणतो, "गिऱ्हाइक हाये, जाऊ दे."

आणि याच गावानं मोबाईलमधल्या एका माणसासाठी देवळात सभा भरवली. तीही अशा माणसासाठी, ज्याला पोरीच्या कोपराखेरीज दुसऱ्या कशात रस नव्हता.

मी या गावची लेक. सासर सुटलं तशी माहेरी आले, भावाच्या घरामागे पत्र्याची शेड घातली आणि खानावळ काढली. माझ्या पिठल्याची कीर्ती मी सांगू नये, पण बोरिवलीच्या एका माणसाचं सर्दीनं बंद पडलेलं नाक पहिल्या घासाला असं उघडलं की त्याला इथे बसून खोपोलीच्या कारखान्यांचा वास यायला लागला. गावातली झाडून सगळी पोरं मला आत्या म्हणतात. मोठ्या माणसांची मी आक्का. माझी खरी भाची म्हणजे भावाची मुलगी. तिला मी इथे पोरगी एवढंच म्हणेन. बारावी झाली, लोणावळ्याला कॉलेजात जाते, आणि तिला पोलीस व्हायचंय.

भावानं तिच्यापुढे अट ठेवली होती. एक भरती दे. निघालीस तर निघालीस. नाही तर कामशेतचं स्थळ आलंय, मुलाची स्वतःची पिकअप गाडी आहे, अक्षता टाकून मोकळे होऊ.

धावण्यात पोरगी पटाईत. लहानपणापासून म्हशींमागे धावलेली. तिला धावताना बघून दोन म्हशींनी चरणं सोडलं आणि त्या तिच्या मागे धावू लागल्या. अडत होतं गोळाफेकीत. लोखंडी गोळा मिळेपर्यंत तिनं माझ्या वरवंट्यावर सराव केला. त्या दिवसांत माझ्या खानावळीत हिरव्या वाटणाची एकही भाजी झाली नाही आणि आमच्या कोंबड्यांनी घराबाहेर अंडी घालणं बंद केलं. पण गोळा काही लांब जाईना. भरतीची तयारी घेणाऱ्या अकादम्या सगळ्या तळेगाव-वराळ्याकडे. कॉलेज करून, खानावळीत हात लावून तिकडे रोज जाणार कशी? मग तिला मोबाईलवर भरतीच्या पोरापोरींचा एक ग्रुप सापडला. त्यात माण-खटावकडचा एक पोरगा होता. स्वतः भरतीतून थोडक्यात राहिलेला, आणि आता दुसऱ्यांचे गोळे सुधारत बसलेला. व्हिडिओ पाठवला की तो बघायचा आणि आवाजाचा मेसेज टाकायचा: "ताई, कोपर पडतंय. कोपर वर ठेवा, मग ढकला."

बस. वर्षभर त्या माणसानं एवढंच सांगितलं. नमस्कार नाही, जेवलात का नाही. मी त्याला मनातल्या मनात कोपरसाहेब म्हणायची.

मीही काही कालची नाही. मी पोरीला सांगितलं होतं: व्हिडिओ मी काढणार, मागच्या वावरात, गिऱ्हाइकांच्या गाड्या लागायच्या आधी. त्याचे मेसेज माझ्यासमोर ऐकायचे. आणि कोपर सोडून दुसरं काही कुणी मागितलं तर आधी माझ्याकडे यायचं; मी ओरडणार नाही आणि मोबाईल काढून घेणार नाही. एकदा खरोखरच तसं झालं. त्याच ग्रुपमधला दुसरा एक, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलेला, तिला वेगळा मेसेज करून म्हणाला, चेहरा दाखव ना, एकटी असशील तेव्हा बोलू. पोरगी मोबाईल घेऊन तशीच माझ्याकडे आली. माझे हात पिठात होते.

"आत्या, हे बघ."

"काय लिहू म्हणतेस?"

"तू सांग."

मी सांगितलं. ते इथे छापता येणार नाही. एवढंच सांगते की ते वाचून त्या गुलाबाच्या पाकळ्या गळून पडल्या असतील. मग पोरीनं त्याला ब्लॉक केलं, ग्रुप चालवणाऱ्याला कळवलं आणि भाकरीला बसली. ती माझ्याकडे आली, कारण आल्यावर मोबाईल जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. माझं सगळं शहाणपण ते एवढंच.

असं सुरळीत चाललेलं असताना शाळेत पुण्याहून एक साहेब आले. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र घेऊन आले. मुलांना इंटरनेटपासून वाचवा असा विषय होता, आणि ऐकायला पालकांनाही बोलावलं होतं. पहिल्याच चित्रात टोपी ओढलेला, तोंड नसलेला एक माणूस अंधारात बसलेला. साहेब म्हणाले, "प्रत्येक स्क्रीनच्या मागे एक लांडगा बसलेला आहे." असे लांडगे त्यांनी एकामागून एक इतके सोडले की आंदर मावळात खरोखरचे जे एक-दोन उरले असतील त्यांनीही लाजून राजीनामा दिला असेल. कुणाची मुलगी कुठे नेली, कुणाला कुठे विकली. कुठल्या गावची, कधीची, काही नाही. बायांनी पदर तोंडाला लावले. पंखा घाबरून उलटा फिरायला लागला. निदान मला तरी वारा येईनासा झाला.

शेवटी ते म्हणाले, काही प्रश्न? मी उठले.

"साहेब, स्क्रीनच्या मागचं कळलं. स्क्रीनच्या पुढं जे बसलेत त्यांचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे चुलते, मामा, शेजारी, वर्गातली पोरं. ओळखीची."

साहेब छान हसले. म्हणाले, "मावशी, घरच्यांपासून कसला धोका?" आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर हसला. तो हसण्याचा आवाज माझ्या अजून कानात आहे. त्यात माझा भाऊही होता.

साहेब गेले, लांडगा राहिला. तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर राहायला आला आणि रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली हजेरी लावू लागला. मग देवळाचे पंच असलेल्या आबांनी सभा घेतली आणि ठराव झाला: गावातल्या बिनलग्नाच्या सगळ्या मुलींचे मोबाईल तपासायचे. मंगळवारी, कारण मंगळवारी गिऱ्हाइक नसतं. बघा, पोरींना लांडग्यापासून वाचवायचं, पण शनिवार-रविवारचा धंदा बुडवून नाही.

"तपासणार कोण?" मी विचारलं.

"मंडळाची तीन पोरं," आबा म्हणाले. "त्यांना मोबाईलमधलं कळतंय. आन् परकी न्हाईत, घरचीच हायेत."

"आन् पोरांचे मोबाईल?"

"पोरांचे कशाला? पोरं काय पळवून नेत्यात काय कुनी?"

त्या तिघांतला एक माझ्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे पोरीचा भाऊच. गणपतीत आरतीचं ताट त्याच्या हातात असतं. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा मी त्याच्या उशाशी बसले होते.

मंगळवारी देवळात सतरंजी टाकली. पोरी आल्या, लॉक काढून एकेक मोबाईल सतरंजीवर ठेवून बाहेर पिंपळाखाली उभ्या राहिल्या, शाळेत फी न भरलेल्या मुलांना उभं करतात तशा. माझ्या पोरीनं ठेवला नसता, पण बापानं ठेवायला लावला. देवळात रेंज नाही म्हणून ती तीन पोरं सगळे मोबाईल पिशवीत घालून मंडळाच्या खोलीवर गेली. लॉक काढलेले मोबाईल, पोरींच्या आयुष्यातलं सगळं आत, आणि दार आतून बंद. एकाही बापाला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाहेरचं मांजर येईल म्हणून दुधाची राखण बोक्याकडे दिल्यासारखं होतं ते, पण बोका घरचा होता.

दुसऱ्या दिवशी देवळात मोबाईल परत मिळाले, एक सोडून. आमच्या पोरीच्या मोबाईलमध्ये अनोळखी पुरुष सापडला होता. आबांनी तो मोबाईल भावाच्या हातात ठेवला, दोन बोटांत उंदराची शेपूट धरावी तसा.

"कोन हाये ह्यो?"

"कोपर बघतो," पोरगी म्हणाली.

देवळात जे हसू उठलं त्यानं घंटा वाजली असेल. भावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मी म्हणाले, ते सगळे व्हिडिओ मी काढलेत, मेसेज मी ऐकलेत, माणूस नीट आहे.

"आक्का," आबा म्हणाले, "किल्ला हातभर खाली गेला म्हननारी तू. तुज्यावर इस्वास कुनी ठेवायचा?"

पुन्हा हसू. गोष्टी रंगवून सांगायची किंमत मी अशी मोजली. भावानं मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला, भरती बंद म्हणाला आणि कामशेतला निरोप धाडला. पोरगी त्या दिवसापासून सकाळी उठायची, गोळा उचलायची, वावराच्या बांधापर्यंत नेऊन ठेवायची आणि रिकाम्या हातांनी परत यायची. भरतीची तारीख मोबाईलवर येणार होती आणि मोबाईल बापाच्या कपाटात होता.

आता पुढचं जे आहे त्यात मी दाणाभरही वाढवत नाही.

शनिवारी दुपारी मंडळाची तीन-चार पोरं माझ्याकडे जेवायला बसली होती. एका मोबाईलवर डोकी जुळवून हसत होती. मी भाकरी घेऊन गेले तशी हसणं थांबलं आणि मोबाईल उलटा झाला. पण उलटा होताना मला दोरी दिसली. वावरातली, माझ्या शेडला बांधलेली दोरी, आणि तिच्यावर माझं हिरवं लुगडं. मी भाकरी टाकली आणि मोबाईल ओढून घेतला.

पोरीचा व्हिडिओ होता. गोळा फेकताना वळली, चिखलात पाय घसरला आणि पाठीवर पडली. टी-शर्ट वर सरकलेला. पडल्यापडल्या ती खदाखदा हसत होती, आणि कोपऱ्यात माझा अंगठा मध्ये आलेला. एवढंच. कुणी तिला पकडलेलं नाही, कुणी काही केलेलं नाही, एक मुलगी चिखलात पडून हसतेय. पण त्याला एक गाणं लावलं होतं, पोट उघडं पडलं तो क्षण पुन्हा पुन्हा फिरवला होता आणि खाली अक्षरं होती. ती अक्षरं मी लिहिणार नाही. मी आयुष्यात शिव्यांचं पुस्तक काढता येईल एवढ्या शिव्या दिल्यात, पण ती अक्षरं मी लिहिणार नाही.

"आत्या, आमी न्हाई केला," एक जण म्हणाला. "आमाला बी आलाय."

संध्याकाळपर्यंत तो कामशेतला पोचला होता. तिकडून निरोप आला, की आम्ही थांबतो. आणि गावानं एका तोंडानं निकाल दिला: बघा, तो अनोळखी. त्यानंच पसरवला. सांगितलं नव्हतं साहेबांनी?

भाऊ दारात बसून कपाळ बडवत होता. "आक्का, तू काढलास ना व्हिडिओ? तूच पाठवलास ना त्या भडव्याला? घाल आता आमच्या तोंडात माती."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, कोपरसाहेबानंच घात केला. मी, जी भर हॉलमध्ये उठून विचारत होते, तिलाही आधी परकाच आठवला.

पोरगी आत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, हा त्यांना पाठवलाच नव्हता."

"काय?"

"पडले म्हणून दुसरा काढला ना आपण. चांगला आलेला तेवढा पाठवला. हा ठेवला होता, मला हसू येतं म्हणून."

सूप तसंच मांडीवर. तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते बघून मला असा राग आला की त्या रागावर माझी चूल आठवडाभर लाकडाशिवाय जळली असती.

पुढच्या मंगळवारी मी सभा बोलवायला लावली. आबा तयार नव्हते. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी शनिवारी गिऱ्हाइकांना किल्ल्याऐवजी हीच गोष्ट सांगते. सभा भरली. बाया नेहमीप्रमाणे मागे पायऱ्यांवर. मी भावाला कपाटातला मोबाईल आणायला लावला आणि पोरीला त्या पोरग्याबरोबरचं सगळं बोलणं उघडून आबांच्या हातात द्यायला सांगितलं.

"बघा आबा. पाठवलेले सगळे व्हिडिओ हितं हायेत. पडलेला हाये का त्यात?"

आबांनी चष्मा लावला. बघितलं. शेजाऱ्याला दाखवलं. "न्हाई."

"आता फोटोंच्या खान्यात बघा. हाये?"

"हितं हाये."

"म्हंजी तो त्या खटावच्या पोराला गेलाच नव्हता. मोबाईल पोरीच्या हातात व्हता मंगळवारपतुर. मग तुमच्या तीन पोरांच्या हातात. मग माझ्या भावाच्या कपाटात. आता तुमीच सांगा. कपाटाला पाय फुटले का पोरांना?"

चुलतभावाचा मुलगा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचा बाप म्हणाला, "आक्का, पोरं हायेत. चुकून गेला आसंल."

"व्हिडिओ चुकून गेला. गानं चुकून लागलं. खाली अक्षरं चुकून उमटली. लय हुशार चूक हाये, हिला भरतीला बसवा."

पायऱ्यांवरून कुणीतरी हसलं. आबांनी हात वर केला. म्हणाले, झालं ते झालं. पोरगा देवापुढं नारळ ठेवील, बहिणीची माफी मागंल, घरातली गोष्ट घरात राहील.

इथे माझं डोकं फिरलं. मागच्या आठवड्यात तो अनोळखी होता तेव्हा पोलीस, सायबर, फाशी, सगळं बोलून झालं होतं. त्याला शोधायला दोन जण खटावला जायला निघाले होते. आता लांडगा घरचा निघाला तर त्याला नारळ. मी कोपऱ्यातली सतरंजी ओढली आणि देवळाच्या मध्यात अंथरली.

"नारळ ठेवा बाजूला. ह्याच्यावर मोबाईल ठेवा. समद्या पोरांनी, समद्या बाप्यांनी. लॉक काढून. पोरी तपासतील, तुमी पिंपळाखाली उभं ऱ्हावा."

एक म्हणाला, माझ्या मोबाईलात धंद्याचं असतंय. दुसरा म्हणाला, बँकेचं असतंय. आणि तिसरा, ज्यानं ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला होता, तो म्हणाला, "आक्का, मानसाचं कायतरी खासगी असतंय."

खासगी. आमच्या गावात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पोरींचे मोबाईल पिशवीत भरून नेले तेव्हा तो कुठे लेण्यांत ध्यानाला बसला होता कोण जाणे.

पायऱ्यांवरून त्याच्याच बायकोचा आवाज आला, "ठिवा की वो. काय बिघडतंय."

त्यानं खिशावर हात दाबून धरला. एकेकाचा हात खिशाकडे गेला, पण बाहेर एकाचाही आला नाही. सतरंजी रिकामीच राहिली. शेवटी आबा स्वतः उठले, वाकले आणि त्यांनी ती गुंडाळली. म्हणाले, "तपासनी बंद." मुलींची चूक नव्हती, असं म्हणाले नाहीत. आमची चूक झाली, असं तर नाहीच.

तेव्हा पोरगी पुढे आली. चुलतभावाच्या मुलापुढे उभी राहिली. "दादा, कुणाकुणाला पाठवलास ते सांग. आत्ता, सगळ्यांसमोर."

तो पुटपुटायला लागला. पहिली दोन नावं मंडळाच्या पोरांची. तिसरं तसंच. चौथ्या नावाला देवळातली एक मान खाली गेली, कारण ते नाव समोर बसलेल्या एका तीन मुलांच्या बापाचं होतं. मग आणखी एक तसंच. व्हिडिओ आठवडाभर त्यांच्या खिशात होता, आणि ते माझ्या भावाच्या दारात बसून त्या अनोळखी माणसाला शिव्या देत होते.

तिनं ऐकून घेतलं. मग बापाकडे वळून हात पुढे केला. "मोबाईल."

भावानं दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला बोलायचं ते अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लोणावळ्याला पोलिसांकडे गेलो. गावानं आडवं पडायचं तेवढं पडून घेतलं. घरची अब्रू, भावकी, पोराचं आयुष्य. पोराचं आयुष्य, हे विशेष. पोरगी म्हणाली, "आत्या, मला ज्या खात्यात जायचंय, त्याच्याकडेच मी गेले नाही तर मग माझ्याकडे उद्या कोण येणार?" तक्रार दिली. चुलतभावाच्या मुलाचा मोबाईल आता पोलिसांकडे आहे आणि तो पोरगा माझ्या शेडवरून जाताना रस्ता बदलतो. व्हिडिओ किती मोबाईलांतून गेला आणि किती मोबाईलांत राहिला, ते कोण सांगणार? परवा कार्ल्याच्या एका बाईनं पोरीकडे बघून शेजारणीला कोपरानं ढोसलं. मी बघितलं. मी त्या बाईला कधीतरी जेवायला बोलावणार आहे.

कोपरसाहेबाला पोरीनं सगळं कळवलं. मला वाटलं, घाबरून पळून जाईल, गेला असता तरी मी दोष दिला नसता. त्याचा मेसेज आला, पहिल्यांदाच जरा लांब: "ताई, वाईट झालं. माझी कुठं साक्ष लागली तर सांगा, मी येतो. सराव सुटला नाही ना?" तो माणूस मी अजून पाहिलेला नाही. काळा की गोरा, ठाऊक नाही. माझ्यासाठी तो अनोळखीच आहे.

पण राग काही जात नाही. याचा जातो, तर दुसऱ्या गोष्टीचा येतो. तपासणी बंद झाली, पण पोरी शिकायचं ते शिकल्या. आता गावातली एकही पोर आपल्या आईला मोबाईलमधलं काही सांगत नाही. दुसरी खाती काढलीत, दुसऱ्या नावांची. नववीतली एक मुलगी मध्यंतरी माझ्या शेडपाशी आली, मोबाईल छातीशी धरून उभी राहिली. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "काही न्हाई, आत्या," आणि गेली. तो गुलाबाच्या फुलाचा माणूस कुठेतरी असेलच. त्याच्यासाठी गावानं सगळी दारं उघडून दिली. पोरीला मी ते सांगितलं, तर ती म्हणाली, मी बघते तिच्याकडे. आता त्या दोघी संध्याकाळी बांधावर बसतात. काय बोलतात, मला ठाऊक नाही. विचारत नाही.

मोबाईलला पोरीनं नवा लॉक घातला. घालताना माझ्याकडे पाठ केली.

"मला तरी सांगशील का? अडीअडचणीला."

"नाही, आत्या."

मला लागलं. भाकरी थापता थापता जरा वेळानं ते मला आवडलं.

भरतीच्या मैदानाची तारीख अजून लागायची आहे. सकाळी गाड्या यायच्या आत आम्ही वावरात जातो. मी व्हिडिओ काढते, माझा अंगठा मध्ये येतो म्हणून ती माझ्यावर ओरडते. कोपर आता पडत नाही. काल गोळा जिथे पडला तिथे जमिनीत असा खड्डा झालाय की त्यात विसापूर हातभर आणखी खाली जायला जागा आहे. वाढवून सांगत नाही, हवं तर या आणि बघा. गाडी लावायला वावर मोकळं आहे, पिठलंही गरम मिळेल. फक्त येताना आमच्या गावातल्या ओळखीच्या कुणाला बरोबर आणू नका.